प्रतापसिंह हायस्कूल, सातारा: राजाने काढलेली शाळा की राजाच्या घरात भरलेली?

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

मागच्या आठवड्यात भाच्याला घेऊन साताऱ्याला गेले होते. भाचा सहावीत, पुण्यात वाढलेला. सातारा म्हणजे कंदी पेढे आणि कासची फुलं, एवढीच त्याची समज. मोती चौकातून चालत राजवाड्यापाशी आलो तेव्हा त्याने शाळेचं नाव वाचलं आणि विचारलं, "मावशी, ही शाळा या राजाने काढली का गं?" मी सवयीने "हो" म्हटलं आणि त्याला चौपाटीवर भेळ खायला नेलं.

रात्री आईकडे आडवी झाले आणि ते "हो" टोचायला लागलं. हिशेब जुळेना. प्रतापसिंह महाराज वारले १८४७ साली, तेही काशीत, कैदेत. शाळा सुरू झाली १८५१ ला. मधल्या काळात त्यांचे धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज गेले (५ एप्रिल १८४८), आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. म्हणजे शाळा निघाली तेव्हा साताऱ्यात राजा नव्हता, राज्यही नव्हतं. शाळा काढली सरकारने. ज्या सरकारने राजाला घालवलं, त्याच सरकारने.

आणि पुढे ती भरू लागली कुठे, तर प्रतापसिंहांनी १८२४ च्या सुमारास बांधलेल्या राजवाड्यात. ज्या दालनांत सरदार-मानकरी बसत, तिथे पोरं पाढे आणि इंग्रजी स्पेलिंगं घोकायला लागली.

आमचे आजोबा (आईचे वडील) याच शाळेतले. ते कधी "प्रतापसिंह" म्हणायचेच नाहीत, "गव्हर्मेंट" म्हणायचे. "मी गव्हर्मेंटचा विद्यार्थी" हे असं काही छाती पुढे काढून सांगायचे की लहानपणी मला वाटायचं ते मामलेदार होते. प्रत्यक्षात पोस्टात होते.

मग महाराजांचं नाव नंतर दिलं गेलं, हे उघड आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं. पण भाच्याला काय सांगू? नुसतं "नाही, इंग्रजांनी काढली" म्हटलं तर तेही अर्धंच. साताऱ्याच्या मंडळींनी घरात ऐकलेलं सांगा. दाखले, जुने फोटो, वडीलधाऱ्यांच्या आठवणी, काहीही चालेल. इतिहासवाल्यांनी चुका काढाव्यात, राग नाही.

---

पेठकर

आमच्याकडेही "गव्हर्मेंट"च. वडील सांगायचे, शाळेत जातो म्हणायची पद्धतच नव्हती, "वाड्यात जातो" म्हणायचे. आजी वैतागायची, कोणी ऐकलं तर वाटेल कारभारी लागून गेलाय.

---

मोडीवाचक

ताई, हिशेब बरोबर आहे. पण भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" इतकं सरळ नाही, म्हणून जरा लांबण लावतो. चहा घेऊन बसा.

प्रतापसिंहांचा जन्म १७९३ चा. वडील दुसरे शाहू महाराज १८०८ मध्ये गेले आणि हा पंधरा वर्षांचा मुलगा गादीवर आला. गादी कसली, पेशव्यांच्या नजरकैदेतला मान. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी अजिंक्यतारा घेतला, त्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि बाजीरावाच्या छावणीत असलेले महाराज इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये त्यांना पुन्हा साताऱ्याच्या गादीवर बसवलं. सोबत दिला जेम्स ग्रँट. हाच पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ. १८१९ च्या सप्टेंबरात तह झाला आणि १८२२ मध्ये प्रत्यक्ष कारभार महाराजांच्या हातात आला.

हातात कारभार आल्यावर या माणसाने काय केलं ते बघा. रस्ते केले, शहराची पेठांची घडी बसवली, ग्रंथ जमवले, छापखाना आणला. रोजनिशी लिहायचे, स्वतः. मराठी राजांमध्ये असा कागदाला चिकटलेला माणूस विरळा. महाबळेश्वरची हवा इंग्रजांना हवी झाली तेव्हा १८२९ मध्ये ती जागा देऊन बदल्यात वाईकडचं खंडाळा घेतलं. महाबळेश्वरची माल्कम पेठ वसली ती याच काळात. म्हणजे आपण ज्याला गोऱ्यांचं महाबळेश्वर म्हणतो, तेसुद्धा साताऱ्याच्या राजाने करार करून दिलेलं आहे.

तेव्हा शाळा त्यांनी काढली नाही हे खरं. पण विद्येची हौस असलेल्या राजाच्या घरात शाळा भरली, आणि नंतर कोणाला तरी त्याचं नाव द्यावंसं वाटलं, यात मला काही खोटं दिसत नाही. भाच्याला सांगा: "शाळा त्याची नाही, घर त्याचं आहे, आणि घरमालक वाचणारा होता."

---

रोखठोक_राव

मोडीवाचक, सगळं गोड गोड झालं. पण वाचणाऱ्या राजाला काढलं का, तेही सांगा ना. नाहीतर पोरं म्हणतील महाराज तीर्थयात्रेला काशीला गेले.

---

मोडीवाचक

राव, त्यावर वेगळा धागा होईल. थोडक्यात सांगतो.

आरोप तीन ठेवले: गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार, आणि इंग्रजी पलटणीतल्या शिपायांना फितवणं. खरं दुखणं जहागिरींचं होतं. अक्कलकोट, फलटण, औंध, भोर, जत आणि वाईचे शेख मिरा, या जहागिरदारांवर हुकूम कोणाचा, यावरून महाराज आणि मुंबई सरकार यांच्यात वर्षानुवर्षं घासाघीस चालली होती. महाराज तहाच्या कलमावर बोट ठेवून भांडत होते. कलमं वाचणारा राजा कंपनीला परवडला नाही, असं माझं मत. मतच समजा.

गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्याला आला. म्हणाला, आरोप मान्य करा, गादी ठेवतो. महाराज नाही म्हणाले. १८३९ च्या सप्टेंबरात, ४ आणि ५ तारखेमधल्या रात्री, रेसिडेंट (म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) ओव्हान्स पलटण घेऊन राजवाड्यावर आला. महाराजांना पालखीत घालून आधी लिंबला नेलं आणि तिथून काशीला. गादीवर धाकट्या भावाला बसवलं.

शाळेत शिकलेल्या कोणीही हा भाग एकदा त्या वाड्याच्या चौकात उभं राहून आठवावा. एवढंच.

---

लिंबगोवेकर

आमच्या गावाचं नाव आलं म्हणून लॉगिन केलं! लोक लिंबला येतात ते बारा मोटेच्या विहिरीचे फोटो काढायला. महाराजांना इथे आणून ठेवलं होतं हे दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं.

---

पेठकर

आणि रंगो बापूजी राहिले की! ते नाही आले तर धागा अळणी.

---

मोडीवाचक

येणारच होते. रंगो बापूजी गुप्ते महाराजांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथे राहिले. ज्यांच्यासाठी गेले ते महाराज १८४७ मध्ये वारले, १८४८ मध्ये राज्यही बुडालं, तरी गडी तिथेच. परतले १८५३ च्या शेवटी. म्हणजे शाळा सुरू झाली तेव्हा हे गृहस्थ अजून लंडनमध्ये अर्ज करत होते. ही तारीख कोणी शेजारी ठेवून बघत नाही.

सत्तावन्नला साताऱ्यात कट उघडकीला आला. ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडा माळावर सतरा जणांना मारलं: पाच फासावर, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः कधीच सापडले नाहीत. "चार भिंती" म्हणून ज्या जागी आपण संध्याकाळी फिरायला जातो, ती वास्तू प्रतापसिंहांनी दसऱ्याची मिरवणूक बघायला बांधलेली. आता तिथे या सतरा जणांचं स्मारक आहे.

---

सदरबझार

सगळं वाचलं, छान चाललंय. पण शाळेचा धागा आहे आणि चौदा प्रतिसाद होत आले तरी भिवाचं नाव कोणी काढलं नाही! (मोजले नाहीत, अंदाजे म्हणतोय.)

७ नोव्हेंबर १९००. याच शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका नऊ वर्षांच्या मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरात नोंद क्रमांक १९१४: भिवा रामजी आंबेडकर. २०१७ पासून राज्य सरकार ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं ते यामुळेच.

नव्या पिढीसाठी: "इंग्रजी पहिली" म्हणजे आजची पहिली नव्हे. आधी मराठी चार यत्ता, मग इंग्रजी सात, सातवीला मॅट्रिक. म्हणजे इंग्रजी पहिली आजच्या पाचवीच्या जवळपास. भाषणांमध्ये लोक "बाबासाहेबांनी पहिलीत प्रवेश घेतला" म्हणतात आणि पोरांच्या डोळ्यांपुढे पाटी-पेन्सिल येते. ते चूक. त्याआधी ते आमच्या सदर बझारातल्या कॅम्प शाळेत होते. रामजी सुभेदार पलटणीतून निवृत्त झाल्यावर दापोलीहून साताऱ्याला आले ते सदर बझारातच राहिले. आई भीमाबाई इथेच वारल्या, त्यांचं स्मारक इथे आहे. मुंबईला गेले ते १९०४ मध्ये.

म्हणजे कृष्णाकाठची ताईंचा मुद्दा आणखी एक पाऊल पुढे जातो. बाबासाहेब "प्रतापसिंह हायस्कूल"मध्ये शिकलेच नाहीत. ते शिकले गव्हर्नमेंट हायस्कूलमध्ये. इमारत तीच, शाळा तीच, नाव वेगळं.

---

रोखठोक_राव

पण मग सदरबझार दादा, इतकं कौतुक करताना तेही सांगा की त्याच शाळेत त्यांना कोपऱ्यात बसवत होते.

---

सदरबझार

सांगायलाच हवं, आणि कोणा तिसऱ्याच्या सांगण्यावरून नाही. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. वर्गात गुणांप्रमाणे बसायची जागा मिळायची नाही, वेगळं कोपऱ्यात बसायचं. बसायला गोणपाट घरून न्यायचं आणि घरी आणायचं, कारण शाळा झाडणारा गडीसुद्धा त्याला हात लावायचा नाही. तहान लागली तर मास्तरांच्या परवानगीने शिपाई नळ सोडणार, तेव्हा पाणी. शिपाई नाही तर पाणी नाही.

राजवाडा, सरकारी शाळा, नळाचं पाणी, आणि तरी पोर तहानलेलं. या वाड्याच्या भिंतींना कान असतील तर त्यांनी १८३९ पण ऐकलंय आणि हेही.

---

रहिमतपूरकर

याच काळातली मसूरची हकिगत बहुतेकांना माहीत असेल, पण तिच्यात एक भूगोलाची गडबड सगळीकडे छापली जाते म्हणून लिहितो.

रामजी सुभेदार दुष्काळी कामावर रोखपाल म्हणून खटाव तालुक्यात होते. लोकांना काम द्यावं म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला घेतला होता. १९०१ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भिवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं वडिलांकडे निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, थाटात. रेल्वेने मसूरला उतरली. वडिलांना पत्र मिळालंच नव्हतं, त्यामुळे घ्यायला कोणी नाही. स्टेशनमास्तरने चौकशी केली आणि मुलं महार आहेत हे कळल्यावर पाच पावलं मागे सरकला. गाडीवान कोणी तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि तो शेजारून चालणार. डबा बरोबर होता पण पाणी मिळालं नाही, रात्र उपाशीच काढली.

आता गडबड. अनेक ठिकाणी मुक्कामाचं गाव "कोरेगाव" छापतात. अहो, कोरेगाव आमच्या शेजारचं, त्याच रेल्वेमार्गावर, मसूरच्या आधी येतं. कोरेगावला जायचं असतं तर पोरं कोरेगावलाच उतरली असती, पुढे मसूरपर्यंत जाऊन बैलगाडीने मागे का आली असती? ते खटाव तालुक्यातलं गोरेगाव. मी स्वतः त्या बाजूला बदलीवर होतो, म्हणून हा मुद्दा डोक्यात बसलाय. नकाशा काढून बघा.

---

पेठकर

काका, नकाशा काढला. मान गये. आजवर कोरेगावच समजत होतो.

---

वाचनमात्र

एक शंका. आडनावाची गोष्ट सांगतात ना, की मूळ आडनाव गावावरून आंबडवेकर, आणि हायस्कुलातल्या आंबेडकर नावाच्या ब्राह्मण गुरुजींनी प्रेमाने आपलं नाव लावलं. पण प्रवेशाच्या दिवशीच्या नोंदीतच "आंबेडकर" असेल तर हायस्कुलातल्या गुरुजींनी नंतर कसं बदललं?

---

सदरबझार

चांगलं पकडलंत. मला वाटतं गुरुजींची गोष्ट आधीच्या शाळेशी जोडली तरच तारखा बसतात. नोंद १९०० ची आहे आणि तीत आंबेडकर आहे, एवढं घट्ट. उरलेलं सभेत टाळ्या घेण्यापुरतं ठीक.

---

भवानी_मंडप

अवांतर: राजांच्या नावाच्या शाळेवर सातारकरांनी मक्ता घेऊ नये. आमचं कोल्हापूरचं मेन राजाराम बघा! ते राजाराम महाराज म्हणजे ताराबाईंचे पती नव्हेत हं, त्यांच्या बऱ्याच नंतरचे. १८७० मध्ये युरोपच्या प्रवासातून परतताना इटलीत फ्लोरेन्सला वारले, विशीतच. तिथे नदीकाठी दहन झालं आणि तिथे त्यांची छत्री आहे. पुढे १८८० मध्ये कॉलेज झालं ते त्यांच्याच नावाने. म्हणजे परदेशात गेलेल्या पोरगेल्या राजाच्या नावाने कोल्हापूर शिकलं.

आमच्याकडे पण निम्म्या पोरांना वाटतं की हे शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव.

---

कृष्णाकाठची

भवानी_मंडप, मक्ता नाही घेत, पण एक राजा काशीत कैदेत गेला, एक फ्लोरेन्सला. दोघांच्याही शाळा त्यांच्या माघारी. मला हे आधी सुचलं नव्हतं.

---

रोखठोक_राव

साताऱ्यातच अजून एक राजा आहे, तो विसरलात. महाराजा सयाजीराव हायस्कूल. मी तिथला.

बडोद्याच्या राजाचं नाव साताऱ्यात का, तर भाऊराव पाटलांनी दिलं म्हणून. अण्णांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला कोल्हापूरच्या शाहू महाराजांचं नाव, १९४० ला सयाजीराव हायस्कूल (संस्थेचं पहिलं हायस्कूल हेच) आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. अण्णांना राजांची नावं द्यायची हौस होती असं नाही. ज्या राजांनी शिक्षणावर पैसा ओतला, त्यांना ते निवडत. सयाजीरावांनी तर आपल्या राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण केलं होतं.

कॉलेजला एक देणगीदार म्हणे भली मोठी रक्कम द्यायला तयार झाला, अट एकच, नाव बदला. अण्णांनी त्याला काय सुनावलं ते साताऱ्यातलं शेंबडं पोर सांगेल, मी लिहीत नाही, प्रशासक प्रतिसाद उडवतील.

आता धागा जुळवतो. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले ते कोणाच्या शिष्यवृत्तीवर? सयाजीरावांच्या. साताऱ्यातल्या एका राजाच्या वाड्यात इंग्रजी पहिली, आणि ज्याच्या नावाची शाळा साताऱ्यात नंतर निघाली त्या राजाच्या पैशावर डॉक्टरेटचा अभ्यास. दोन शाळा, दोन राजे, मुलगा एकच.

---

सदरबझार

राव, आज तुमच्याशी भांडण नाही. 🙂

---

हिंदू_कॉलनी

मुंबईकराची भर, मालिका पूर्ण करायला. आमच्या दादरला हिंदू कॉलनीत "किंग जॉर्ज" होतं. माझे काका आजही तसंच म्हणतात. शाळा इंडियन एज्युकेशन सोसायटीची, नाव इंग्लंडच्या राजाचं. पुढे ती झाली राजा शिवाजी विद्यालय. जॉर्ज गेला, राजा तेवढा राहिला.

आणि त्याच हिंदू कॉलनीत बाबासाहेबांचं "राजगृह". साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत गोणपाटावर बसलेल्या मुलाने पुढे स्वतःचं घर बांधलं, पुस्तकांसाठी बांधलं, आणि नाव ठेवलं राजगृह. बुद्धकाळातल्या मगधाच्या राजधानीवरून ठेवलंय हे माहीत आहे, साताऱ्याचा संबंध मी लावत नाही. पण हा धागा वाचताना मनात आलं, ते लिहिलं.

---

वाचनमात्र

तुमच्याकडे नाव बदललं ते परक्या राजाचं काढून. साताऱ्यात "गव्हर्नमेंट" काढून आपल्या राजाचं. दोन्हीकडे पाटीच बदलली ना? मग वाद कशाला, असं रोखठोक_राव आत्ता लिहितील म्हणून मीच आधी लिहिलं.

---

रोखठोक_राव

लिहिणार होतो, पण वेगळं. किंग जॉर्जचं दादरला घर नव्हतं. प्रतापसिंहांना याच वाड्यातून रात्री बाहेर काढलं. ज्याला घरातून काढलं त्याचं नाव घराला परत देणं, याला मी पाटी बदलणं म्हणत नाही. माझा शब्द आहे "ताबा परत दिला". वकिली शब्द आहे, पण मी वकीलच आहे.

---

मोडीवाचक

रोखठोक_राव, हे आवडलं. फक्त एक पुरवणी. साताऱ्यात "प्रतापसिंह" एवढंच म्हणून भागत नाही, घराण्यात हे नाव पुढेही आहे. म्हणून नगर वाचनालयाच्या नावात "छत्रपती प्रतापसिंह महाराज (थोरले)" असं लिहितात. तुम्ही भाच्याला सांगताना थोरले म्हणा, नाहीतर तो मोबाइलवर शोधेल आणि भलतंच निघेल.

आणखी एक, फ्रेअरचं नाव राहिलं. राज्य खालसा झालं तेव्हा साताऱ्याला बार्टल फ्रेअर होता, आधी रेसिडेंट, मग कमिशनर, १८५० पर्यंत. रेसिडेंट असताना त्याने खालसा करण्याच्या विरोधात लिहिलं, वर कोणी ऐकलं नाही, मग मुकाट्याने त्याच प्रांताचा कारभार बघितला. तो गेला आणि लगेच पुढच्या वर्षी शाळा. एका खोलीत राजाचं दप्तर अजून बांधलेलं असेल आणि शेजारच्या शहरात पहिली इंग्रजी यत्ता भरत असेल, असा तो काळ.

---

पेठकर

मोडीवाचक, "शेजारच्या शहरात"? सातारा तेच ना?

---

मोडीवाचक

शेजारच्या गल्लीत म्हणायचं होतं. रात्रीचे बारा वाजलेत, डोळे मिटतायत.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. तीन दिवसांनी येतेय कारण मध्ये आईकडे फोन करून माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. आई आधी चिडली ("माझे गुडघे आणि तुझा इतिहास"), पण काढली. शेजारचा मुलगा वर चढला.

आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला. घडीवर फाटलाय, पाठीमागून कोणीतरी वर्तमानपत्राची पट्टी खळीने चिकटवलीय. माथ्यावर छापलंय "गव्हर्नमेंट हायस्कूल, सातारा". प्रतापसिंहांचं नाव कुठेही नाही. वर्तणूक "चांगली" लिहिलीय, त्यावर आई म्हणाली ते तेवढं खोटं आहे.

भाच्याला फोनवर हे सगळं सांगितलं. राजा, ओव्हान्स, पालखी, लिंब, रंगो बापूजी, भिवा, गोणपाट, मसूर. रहिमतपूरकर काका, गोरेगावही सांगितलं, नकाशासकट. तो सगळं गप ऐकत होता, म्हटलं झोपला की काय. मग म्हणाला, "मावशी, म्हणजे पणजोबा आणि आंबेडकर एकाच शाळेत?"

मी म्हटलं, हो, तीसेक वर्षांच्या अंतराने.

"मग पणजोबांना नळाचं पाणी मिळायचं?"

मी म्हटलं, हो रे, मिळायचं. आपण कोण होतो माहीत आहे ना.

यावर तो काहीच बोलला नाही. नंतर ताईचा मेसेज आला, की तो विचारतोय, ७ नोव्हेंबरला साताऱ्याला जाता येईल का. दिवाळीची सुट्टी आहे का ते बघते. कोणी येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सकाळी राजवाड्यासमोर भेटू. गाडी लांब लावा, तिथे जागा मिळत नाही.

---

सदरबझार

मी येतो. त्या दिवशी गर्दी असते, लवकर या. आधी सदर बझारला भीमाबाईंच्या स्मारकापाशी थांबू, मग चालत वाड्यापर्यंत. भिवा ज्या वाटेने जायचा साधारण त्याच बाजूने. भाच्याला चालवेल ना एवढं?

---

कृष्णाकाठची

चालवेल. पाण्याची बाटली घेते.